नऊ वर्षांची मुलगी म्हणते, ‘विज्ञान हुशार मुलांचं काम’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची. वर्षभरापूर्वीपर्यंत मुंग्यांच्या रांगेशेजारी अर्धा अर्धा तास उकिडवी बसायची, ‘असं का’ विचारून भंडावून सोडायची. आता म्हणते, ‘विज्ञान मला जमत नाही, ते हुशार मुलांचं काम.’ तुम्ही प्रयोगांचा मोठा संच आणून दिलात, तो दोनदा उघडला गेला आणि आता कपाटात पडून आहे. तिला एखाद्या वर्गाला घालावं का, थोडा जोर लावावा का, की आवड संपली असं समजून गप्प बसावं?

मुलांकडून प्रयोग करून घेणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे मला या प्रश्नातला संच फारसा महत्त्वाचा वाटला नाही. तिचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. आवड खरंच गेलेली मुलं ‘कंटाळा येतो’ म्हणतात. तुमची मुलगी ‘जमत नाही’ म्हणते आहे. म्हणजे तिने विज्ञानाबद्दल मत दिलेलं नाही, स्वतःबद्दल निकाल दिला आहे. कंटाळ्यावर नवं खेळणं हा उपाय चालून जातो. निकालावर चालत नाही, कारण असा निकाल दिलेल्या मुलीला नवा संच म्हणजे नवी परीक्षा वाटते. दोनदा उघडून तो मिटला यात मला तरी काही नवल वाटत नाही.

हा निकाल किती लहान वयात दिला जातो, याचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. अमेरिकेतल्या मुलामुलींना एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून, ही व्यक्ती कोणती असेल, असं विचारत फोटो दाखवले. पाच वर्षांची मुलं जितक्या सहजतेने पुरुषाचा फोटो निवडत होती, तितक्याच सहजतेने त्या वयाच्या मुली बाईचा निवडत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलेलं दिसलं. पुढे त्यांना दोन खेळ सांगितले. ‘खूप हुशार मुलांसाठी’ असलेल्या खेळात मुलींना मुलांपेक्षा कमी रस होता, ‘खूप मेहनत करणाऱ्या मुलांसाठी’ असलेल्या खेळात असा फरक नव्हता. खेळ जवळपास सारखेच होते, फरक होता तो पाटीत. तुमची मुलगी ही पाटी वाचूनच मागे फिरली आहे, असा माझा अंदाज.

अंदाजच म्हणतो, कारण तुमचं घर आणि तिची शाळा मला दिसत नाही. आधी तीन गोष्टी तपासा. एक, हा सूर फक्त विज्ञानाबाबत आहे की सगळ्याच अभ्यासाबाबत? सगळ्याच असेल तर वाचनाची अडचण, फळा नीट न दिसणं किंवा शाळेतला काही त्रास आधी शोधायला हवा, तिथे प्रयोगांचा उपयोग नाही. दोन, हे वाक्य कुठून आलं? ‘कोण म्हणालं ग?’ असं थेट विचारलं तर मुली गप्प बसतात. ‘हुशार मुलं म्हणजे कोण कोण?’ असं विचारा आणि नावं ऐका. त्या यादीत एकही मुलगी नसेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. तीन, आवड दुसरीकडे वळली आहे का? मुंग्या सोडून ती चित्रांत किंवा धावण्यात रमली असेल आणि खुशीत असेल, तर तो काही आजार नव्हे. दार उघडं ठेवा, एवढं पुरे. पुढचं सगळं मी, तिची आवड आत आहे पण धीर खचला आहे, असं धरून लिहितो.

सुरुवात शब्दांपासून करा, कारण ते आजच बदलता येतात. ‘किती हुशार आहेस ग’ हे वाक्य घरातून शक्यतो काढून टाका. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. सोडवून झाल्यावर काहींच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर खचली, आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी घसरली. कारण साधं आहे: जमलं म्हणजे हुशार, तर न जमलं म्हणजे काय, हे मूल स्वतःच ठरवून टाकतं. म्हणून कौतुक करायचं ते तिने जे केलं त्याचं. ‘तू तीनदा मोजलंस म्हणून ती चूक सापडली.’ ‘दोरा बदलून बघायचं तुला सुचलं, मला नव्हतं सुचलं.’ यात खोटं काही बोलावं लागत नाही. पण त्यासाठी ती काय करते आहे हे बघत बसावं लागतं, आणि अवघड भाग तोच आहे.

काढून टाकायचं दुसरं वाक्य म्हणजे ‘चल, आज आपण वैज्ञानिक होऊ या’. लहान मुलांबरोबर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘आज आपण विज्ञान करू या’ असं ऐकलेल्या मुली ‘आज आपण वैज्ञानिक होऊ या’ असं ऐकलेल्या मुलींपेक्षा जास्त वेळ टिकून राहिल्या. ‘वैज्ञानिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो आणि तो आपल्यासारखा दिसत नाही. ‘करू या’मध्ये माणूस नाही, काम आहे. मी तर नऊ वर्षांच्या मुलीसमोर ‘विज्ञान’ हा शब्दही महिनाभर काढणार नाही. ‘चल, मोजून बघू’ म्हटलं की झालं.

आणि हो, ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे आईने हसत हसत म्हणणं बंद. त्यात धीर देण्याचा हेतू असतो, पण मुलीला ऐकू येतं की हे आमच्याकडे असंच चालतं.

आता हातांकडे वळू. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. मुलं-मुली एकत्र असलेल्या कुठल्याही प्रयोगवर्गाच्या कोपऱ्यात दहा मिनिटं उभे राहा. मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असतो आणि मुलीच्या हातात वही. तिचं अक्षर चांगलं असतं, ती नीट लिहिते, म्हणून लिहिण्याचं काम तिच्याकडे येतं आणि तिथेच राहतं. कोणी दुष्टपणे केलेलं नसतं. पण वर्षाच्या शेवटी मुलाच्या बोटांना दोनशे वेळा काहीतरी बिघडवून दुरुस्त केल्याची सवय झालेली असते आणि मुलीकडे सुंदर वही असते. पुढे ‘त्याला उपजतच जमतं’ असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग ही सवय असते.

घरात हेच बारीक प्रमाणात घडतं. दिवा दुरुस्त करताना टॉर्च धरायला कोणाला हाक मारली जाते? विज्ञान संग्रहालयात आलेल्या कुटुंबांचं निरीक्षण करून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र कसं चालवायचं आणि काय दिसतं आहे, हे आईवडील मुलगे-मुली दोघांनाही सारखंच सांगत होते. ‘असं का होतं’ हे मात्र मुलग्यांना तिप्पट वेळा समजावत होते. विचारलं असतं तर यातल्या एकाही पालकाने भेदभाव करतो असं कबूल केलं नसतं, आणि ते खोटंही बोलत नसते.

म्हणून घरासाठी एकच नियम: वस्तू तिच्या हातात, तुमचे हात मांडीखाली. अक्षरशः मांडीखाली ठेवा. गाठ सुटेल, नट घरंगळेल, तोंडातून ‘दे इकडे’ निघेलच. तेव्हा मनात वीसपर्यंत मोजा. प्रश्न विचारल्यावरही थांबा. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब आणि नेमकी होतात, हे अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं. तीन सेकंद वाचायला कमी वाटतात, गप्प बसून बघा.

मग करायचं काय? संच नको, आधी मुंग्या. तिची जुनी आवड तीच आहे आणि तिथे कोणी हुशार मुलगा अजून पोचलेला नाही. फक्त या वेळी नुसतं बघण्याऐवजी मोजायचं. मुंग्यांच्या चालत्या रांगेशेजारी २०-३० सेंमीची पट्टी ठेवा, रांगेपासून दोन-तीन सेंमी लांब. खडूने खुणा करू नका. खडूच्या भुकटीने मुंग्या बिथरतात आणि रांग मोडते. एक मुंगी २० सेंमी जायला किती सेकंद घेते ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचं. अशा दहा मुंग्या मोजायच्या. मध्येच मागे वळलेली मुंगी सोडून द्यायची, ओझं वाहणारीची नोंद वेगळी ठेवायची. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याच रांगेवर मोजा आणि जमिनीलगतचं, सावलीतलं तापमान लिहा. उन्हं वाढतात तशा मुंग्या भरभर चालतात, आणि हे तिच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. न दिसलं तर बहुधा रांग बदललेली असते किंवा मुंग्यांची जात वेगळी असते. तेही तिनेच शोधावं. चावणाऱ्या तांबड्या मुंग्यांपासून मात्र लांब राहा.

हे ‘लहान मुलांचं’ काम आहे असं कोणी म्हणालं तर हार्लो शॅपलींचं नाव सांगा. आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही हे दाखवून देणारे हे खगोलशास्त्रज्ञ माउंट विल्सन वेधशाळेत असताना दिवसा मुंग्यांचा वेग मोजत बसायचे. तापमान आणि मुंग्यांचा वेग यांवरचा त्यांचा शोधनिबंध १९२०चा आहे.

बाहेर जाता येत नाही अशा दिवसांसाठी लंबक. हा मी जरा तपशिलात सांगतो, कारण यात मूल कुठे अडतं आणि मोठी माणसं कुठे घाण करतात हे दोन्ही स्वच्छ दिसतं.

लागेल ते एवढंच: जाड शिवणदोरा, अडीच मीटर लांब (लोकर आणि इलॅस्टिक नको, ताणतात), एकसारखे चार-पाच लोखंडी नट, कपड्यांचा चिमटा, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. चिमटा टेबलाच्या कडेला घट्ट चिकटवायचा आणि दोरा त्याच्या जबड्यात धरायचा. गाठ मारून टांगण्यापेक्षा हे बरं, कारण टांगण्याची जागा पक्की राहते आणि लांबी बदलायला दोरा फक्त ओढावा लागतो. एक मीटरची लांबी टेबलाखाली मावत नाही, त्यासाठी दाराच्या चौकटीचा वरचा भाग वापरा.

‘लंबकाचा नियम’ वगैरे काही बोलायचं नाही. नट झोक्यासारखा हलवून विचारा: जाऊन परत यायला किती वेळ लागेल, आणि तो कशाने बदलेल? वजन, जोर, दोऱ्याची लांबी अशी उत्तरं येतील. तिचा अंदाज तिच्याच अक्षरात, पेनाने, मोजण्याआधी लिहून घ्या. पेनाने अशासाठी की नंतर खोडता येऊ नये. चुकलेला अंदाज खोडून टाकण्याची सवय या मुलींना फार लवकर लागते.

लांबी चिमट्यापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. आधी २५ सेंमी. एक फेरी मोजू नका, दहा मोजा. बोट दाबताना साधारण ०.२ सेकंदाची चूक होतेच. एका सेकंदाच्या फेरीत ती २० टक्के, दहा फेऱ्यांत फक्त २. नट साधारण सात सेंमी बाजूला ओढून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही; ढकलला की तो लंबगोल फिरू लागतो. आणि फार वर नेला तर वेळ खरंच वाढतो, ६० अंशांवरून सोडल्यास सुमारे ७ टक्क्यांनी. ‘झोका मोठा घेतला तर जास्त वेळ लागला’ असं ती म्हणाली तर ती चुकीचं बघत नाही आहे.

दहा फेऱ्यांना साधारण असे सेकंद येतात: २५ सेंमीला १०.०, ५० सेंमीला १४.२, एक मीटरला २०.१. तिचे ९.०, १२.८ आणि १८.१ असे आले तर घड्याळ ठीक आहे, मोजणी चुकली आहे. नट सोडताना ती ‘एक’ म्हणते आहे, म्हणजे दहा म्हणेपर्यंत नऊच फेऱ्या होतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवं. ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं, मोठी माणसंही करतात. सांगून टाकू नका. ‘पुन्हा एकदा सोड, या वेळी मोठ्याने मोज’ एवढंच म्हणा. बहुतेक वेळा ती तिसऱ्या फेरीच्या आतच थांबते आणि वर बघते.

दोरा दुप्पट केल्यावर वेळ दुप्पट होईल असं तिला वाटेल. होत नाही. चौपट केल्यावर होतो. वर्गमूळ काढायची गरज नाही. ‘चौपट दोरा, दुप्पट वेळ’ एवढं नऊ वर्षांच्या मुलीला पुरतं. मग विचारा, तीन सेकंदांची फेरी हवी असेल तर दोरा किती घ्यायचा? उत्तर २.२५ मीटर आहे, पण ते तुम्ही सांगायचं नाही. जिन्याच्या कठड्यावरून तिने टांगून बघायचं, तुम्ही शेजारी उभं राहून.

आता खरी मजा, वजनाची. तिला नट वाढवायला सांगा. बहुतेक मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे माळेसारखे बांधतात. तीन-तीन सेंमीच्या अंतराने दोन नट खाली वाढले की दहा फेऱ्यांना १०.० ऐवजी १०.७ सेकंदांच्या आसपास येतात. ती ओरडते, ‘वजन वाढवलं तर वेळ वाढतो!’ आणि इथे पुस्तक वाचलेला मोठा माणूस म्हणतो, ‘नाही ग, वजनाने फरक पडत नाही, तुझं मोजायला चुकलं असेल.’

हा क्षण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. तिचं मोजणं बरोबर होतं, नियमही बरोबर होता. माळ लावल्यामुळे वजनाबरोबर लांबीही वाढली, एवढीच गोष्ट. पण ‘तुझं चुकलं असेल’ ऐकल्यावर ती एकच धडा घेते: माझ्या डोळ्यांपेक्षा पुस्तक खरं. असं वर्षभर झालं की ‘मला जमत नाही’ हे वाक्य तयार. याऐवजी म्हणा, ‘अरे वा, पुस्तकात तर वेगळंच दिलंय. मग आपण असं काय केलं की ते बदललं?’ आणि थांबा. थोड्या वेळाने ती नट गुच्छासारखे एकाच जागी बांधते, गुच्छाचा मध्य २५ सेंमीवर आणते, आणि पुन्हा १०.० येतात. हे तिला स्वतःला सापडलं तर त्या दिवशी बाकी काही शिकवू नका.

वहीत एक जादा रकाना आखून द्या: ‘काय गडबड झाली’. घरी कोणाला वही दाखवायची असेल तर तो रकाना आधी दाखवायचा.

संचाचं काय करायचं? त्यातलं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सुट्या वस्तू एका डब्यात ओता. बहुतेक संच फसतात ते याच कारणाने की प्रत्येक प्रयोगाचा शेवट खोक्यावरच छापलेला असतो. जमलं तर ‘बरं, झालं’, न जमलं तर चूक मुलीची. सुट्या वस्तूंना असा शेवट नसतो. समजा त्यात एलईडी आहेत. लांब पाय धन टोकाला लावायचा, उलटा लावला तर दिवा लागत नाही. तीन व्होल्टच्या बटण सेलवर लाल एलईडी थेट लावता येतो. दीड व्होल्टचे दोन सेल जोडले तर मध्ये १०० ओहमचा रोध लावा, नऊ व्होल्टच्या बॅटरीला ४७०चा, नाहीतर एलईडी क्षणात जळतो. सेल थोडे उतरले की लाल लागतो आणि निळा लागत नाही, कारण लालला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात. ‘लाल लागतो मग निळा का नाही?’ हा प्रश्न त्या माहितीपत्रकातल्या सगळ्या प्रयोगांपेक्षा मोलाचा आहे. अट एकच. घरात लहान भावंड असेल तर बटण सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात, उलटी काढायला लावायची नाही.

खोलून बघायला जुना माउस, कीबोर्ड किंवा सेल काढलेला टॉर्च द्या, सोबत लहान स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला खाचा असलेला एखादा ट्रे. भिंतीच्या प्लगवर चालणारं काहीही, मायक्रोवेव्ह, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि मोबाइलची बॅटरी हे कधीही नाही. प्लग काढल्यावरही यांत इजा करण्याइतकी ऊर्जा उरलेली असू शकते. (फक्त मुलींसाठी म्हणून मिळणारे अत्तर आणि लिपस्टिकचे गुलाबी संच मी घेत नाही. त्यातलं रसायनशास्त्र वाईट नसतं, पण ‘खरं विज्ञान शेजारच्या फळीवर आहे’ असं तो रंगच सांगतो.)

मोठ्या स्त्रीवैज्ञानिकांच्या गोष्टी सांगाव्यात का, असं बरेचजण विचारतात. सांगा, पण ‘खचलेल्या’ मुलीला मेरी क्यूरीची दोन नोबेल पारितोषिकं ऐकवून फारसा उपयोग होत नाही. तिच्या मनात ‘ती हुशार होती’ हेच पक्कं होतं. काम दिसेल अशी गोष्ट निवडा. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांची मला आवडते. केंब्रिजला संशोधन करताना त्यांची पहिली दोन वर्षं रेडिओ दुर्बीण उभारण्यातच गेली: खांब ठोकणं, तारा ओढणं. मग १९६७ मध्ये यंत्रातून रोज सुमारे ३० मीटर नोंदींचा कागद बाहेर पडू लागला आणि तो डोळ्यांखालून घालणं हे त्यांचं काम. त्यात एका ठिकाणी अगदी थोड्याशा जागेत न जुळणारी खरखर दिसली. ती दुसरीकडची गडबड असेल म्हणून सोडता आली असती. त्यांनी मागचे कागद काढून ताडून पाहिले, आणि पहिला पल्सार सापडला, म्हणजे सुमारे १.३ सेकंदांच्या ठोक्याने रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा. मुंग्यांचे सेकंद मोजलेल्या मुलीला ही गोष्ट लगेच भिडते. १९७४चं नोबेल त्यांच्याऐवजी त्यांच्या मार्गदर्शकाला का गेलं, हेही सांगा, पण नंतर कधीतरी. पहिल्याच दिवशी अन्यायाची गोष्ट नको. आणि शक्य असेल तर पाच-सात वर्षांनी मोठी, याच रस्त्यावरची एखादी मुलगी ओळखीत शोधा. जिला गेल्या आठवड्यात काहीतरी जमलं नव्हतं आणि जी ते मोकळेपणाने सांगते, अशी.

जोर लावावा का? वेळेला लावा, विषयाला नको. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं ठरलेली, त्यात काय करायचं ते तिने ठरवायचं. एखाद्या दिवशी ती नुसती नट रंगवत बसेल, बसू द्या. रंगात आलेली असतानाच थांबवा. पाहुण्यांसमोर ‘दाखव ग तुझा प्रयोग’ हे कटाक्षाने टाळा. दोन महिने ‘जमतंय का’ असं विचारू नका. वहीतला गडबडीचा रकाना आपोआप भरायला लागला की तुम्हाला कळेलच.

वर्गाला घालायचं असेल तर ते या दोन महिन्यांनंतर. आधी तुम्ही एक तास मागे बसून बघा. दोन मुलांमागे साहित्याचा एक संच असेल तर ठीक, पाच मुलांमागे एक असेल तर तिच्या हातात पुन्हा वहीच येणार. दर दहा मिनिटांनी कामं बदलतात का? प्रयोगाआधीच फळ्यावर निष्कर्ष लिहिलेला आहे का? तिच्या गटात आणखी एक तरी मुलगी आहे का? बक्षिसं आणि क्रमांक यांवर चालणारा वर्ग सध्या नको, वर्षभराने बघू. आणि बाहेर पडताना शिकवणाऱ्यांना विचारा, ‘मागच्या आठवड्यात मुलांचा कोणता प्रयोग फसला?’ ते उत्साहाने सांगायला लागले तर नाव घाला. ‘आमच्याकडे फसत नाहीत’ असं म्हणाले तर दुसरा वर्ग बघा.